वर्तुळातल्या मांडण्या कशा मोजायच्या: नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायऱ्या

पाच जणांना रांगेत किती प्रकारे उभं करता येईल, हे बहुतेकांना चटकन सांगता येतं: ५!, म्हणजे ५ × ४ × ३ × २ × १ = १२०. तेच पाच जण गोल टेबलाभोवती बसवा म्हटलं की उत्तरं फुटू लागतात. कुणी १२० म्हणतं, कुणी २४, कुणी १२. प्रश्न नेमका कसा विचारला आहे त्यावर ही तिन्ही उत्तरं बरोबर ठरू शकतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

हा विषय शिकताना मला सूत्र आधी हाती मिळालं आणि त्यामागचं कारण फार उशिरा उमगलं. मधल्या काळात प्रत्येक गणितात ‘एन वजा एक’ (एन म्हणजे वस्तूंची संख्या) घ्यायचं की नाही, दोनने भागायचं की नाही, हे निव्वळ अंदाजाने ठरवावं लागत होतं. तुमच्या वाट्याला तो अंदाजपंचे कारभार येऊ नये म्हणून हा लेख. यातली सगळी गणितं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: कोणत्या दोन मांडण्या आपण एकच मानणार आहोत? त्याचं उत्तर पक्कं झालं की सूत्र आपोआप समोर येतं.

काय काय लागेल

- कोरा कागद आणि पेन्सिल. वर्तुळ काढून त्यावर नावं लिहिण्याला पर्याय नाही.
- वेगवेगळ्या रंगांची पाच-सहा बटणं किंवा सोंगट्या. पहिल्या काही गणितांत हाताने फिरवून बघणं फार उपयोगी पडतं.
- फॅक्टोरियलची छोटी यादी: ३! = ६, ४! = २४, ५! = १२०, ६! = ७२०, ७! = ५,०४०, ८! = ४०,३२०. शिवाय १! आणि ०! दोन्ही १.
- रांगेतल्या मांडण्या आणि निवडी मोजता येणं. आठांतून पाच निवडायचे ५६ प्रकार कसे येतात, हे ठाऊक नसेल तर आधी ते करून या.

पायरी १. पेन्सिल टेकवण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: जागांना स्वतःची ओळख आहे का? खुर्च्यांवर क्रमांक असतील, एक खुर्ची दाराजवळची म्हणून वेगळी मोजायची असेल, किंवा घड्याळाच्या तबकडीवर १ ते १२ आकडे असतील, तर सगळ्यांना एकेक जागा पुढे सरकवल्यावर नवी मांडणी तयार होते. जागा वर्तुळात आहेत म्हणून काही बदलत नाही. उत्तर रांगेतलंच: एन!.

याचं एक जुनं आणि सुंदर उदाहरण भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) अंकपाश प्रकरणात आहे. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं आहेत. ती या हातातून त्या हातात अदलाबदल केली तर मूर्तीचे किती भेद होतील? उत्तर ३६,२८,८००, म्हणजे १०!. विष्णूच्या चार हातांतली गदा, चक्र, कमळ आणि शंख यांचे भेद २४, म्हणजे ४!. हात शरीराभोवती पसरलेले असले तरी वरचा उजवा हात आणि खालचा डावा हात या वेगळ्या जागा आहेत, त्यामुळे कशानेही भागायचं नाही.

दुसरा प्रश्न: मांडणी उलटवता येते का? मण्यांची माळ उचलून पालथी ठेवता येते. टेबलाभोवती बसलेली माणसं पालथी घालता येत नाहीत.

तिसरा प्रश्न: सगळ्या वस्तू एकमेकींहून वेगळ्या आहेत का? माणसं नेहमीच वेगळी. मणी एकाच रंगाचे असतील तर गणिताची जातच बदलते; ते पायरी ७ मध्ये येईल.

ही तीन उत्तरं कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे कुठे अडलात तर बहुधा यांतलंच एखादं बदललेलं किंवा विसरलेलं सापडेल.

पायरी २. चार सोंगट्या प्रत्यक्ष फिरवा

अ, ब, क, ड अशा चार सोंगट्या घ्या. जागांना ओळख नाही, उलटवायचं नाही. रांगेत त्यांच्या २४ मांडण्या होतात. आता अबकड ही रांग घ्या आणि तिची दोन टोकं जोडून गोल करा. तो गोल दुसऱ्या जागेपासून वाचला तर बकडअ मिळेल, तिसऱ्यापासून कडअब, चौथ्यापासून डअबक. म्हणजे रांगेतल्या चार वेगळ्या मांडण्या मिळून गोलातली एकच मांडणी होते. असं २४ पैकी प्रत्येकीचं होतं, म्हणून २४ चे चार-चारचे गट पडतात: २४ ÷ ४ = ६.

दुसरा मार्ग असा: अ ला कुठेही बसवा. गोल फिरवता येत असल्यामुळे अ ची जागा कोणती याला अर्थ नाही. अ बसला की बाकी तिघांच्या जागांना मात्र ओळख मिळते: अ च्या डावीकडची, समोरची, उजवीकडची. त्या तीन जागा भरायचे ३! = ६ प्रकार. घड्याळाच्या दिशेने वाचत गेलं तर ते असे: अबकड, अबडक, अकबड, अकडब, अडबक, अडकब.

दोन्ही मार्गांनी सूत्र एकच येतं: एन वेगळ्या वस्तूंच्या वर्तुळातल्या मांडण्या (एन − १)!. पाच जणांच्या २४, सहांच्या १२०, आठांच्या ५,०४०.

दोन्ही मार्ग नीट समजून घ्या, कारण पुढे कधी एक चालतो, कधी दुसरा. भागाकाराचा मार्ग तेव्हाच चालतो जेव्हा प्रत्येक गटात नेमक्या तेवढ्याच मांडण्या असतात. एकाला बसवून टाकण्याचा मार्ग तेव्हा चालतो जेव्हा त्या एकासारखा दुसरा कुणी नसतो. मला स्वतःला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. अटी आल्या की तो फार सोपा पडतो.

सर्वांत जास्त दिसणारा घोटाळा म्हणजे एकाला बसवून टाकायचं आणि वर पुन्हा एन ने भागायचं. एकाला बसवलं तेव्हाच फिरवण्याचा हिशोब संपला. दोन्ही मार्ग एकाच गणितात एकावर एक चढवू नका.

पायरी ३. टेबल खरोखर गोल आहे ना, ते बघा

ही पायरी बरेच जण गाळतात. चौरस टेबल आहे, प्रत्येक बाजूला दोन खुर्च्या आणि बसणारे आठ जण. ७! लिहायचा मोह होतो, पण चौरस टेबल फिरवून पहिल्यासारखं दिसण्याचे प्रकार चारच आहेत: जसंच्या तसं, पाव फेरा, अर्धा फेरा, पाऊण फेरा. एकच खुर्ची पुढे सरकलं तर बाजूच्या डाव्या खुर्चीवरचा माणूस उजव्या खुर्चीवर येतो, आणि ती वेगळी जागा आहे. म्हणून ८! ला ४ ने भागायचं: १०,०८०.

एकाला बसवण्याच्या मार्गाने पडताळून बघा. अ साठी दोन खऱ्या अर्थाने वेगळ्या जागा आहेत: बाजूच्या डाव्या टोकाची आणि उजव्या टोकाची. उरलेले सात जण ७! प्रकारांनी बसतील. २ × ५,०४० = १०,०८०. जुळलं.

लांबट टेबल असेल, दोन्ही लांब बाजूंना तीन-तीन खुर्च्या, आणि माणसं सहा, तर फिरवायचे प्रकार फक्त दोन. ७२० ÷ २ = ३६०. एकूण वस्तू किती यापेक्षा, मांडणी किती प्रकारांनी फिरवली की जागा पहिल्यासारख्याच दिसतात, हा आकडा महत्त्वाचा. वर्तुळात तो एन असतो एवढंच.

पायरी ४. उलटवण्याचा प्रश्न

माळ, कडीत ओवलेल्या किल्ल्या, हातातलं कडं: या वस्तू उचलून पालथ्या ठेवता येतात. मग घड्याळाच्या दिशेने वाचलेली अबकड आणि उलट दिशेने वाचलेली अडकब एकच झाली. वरच्या सहा मांडण्यांच्या जोड्या लावून बघा: अबकड–अडकब, अबडक–अकडब, अकबड–अडबक. उरल्या तीन. म्हणून सूत्र (एन − १)! ÷ २.

हे सूत्र एन तीन किंवा त्याहून जास्त असेल तेव्हाच लागू पडतं. दोन मण्यांना ते लावलं तर उत्तर अर्धा येईल. कारण साधं आहे: दोन मण्यांची माळ उलटवली तरी तीच राहते, तिला वेगळी जोडीदार मांडणीच नसते.

माणसांच्या गणितात सहसा दोनने भागत नाहीत, कारण डावा शेजारी आणि उजवा शेजारी यांत फरक असतो. पण प्रश्नाची भाषा नीट वाचा. ‘प्रत्येकाचे दोन शेजारी तेच असतील तर मांडणी तीच समजा’ असं म्हटलं असेल तर डावं-उजवं पुसलं गेलं, आणि माणसं असली तरी दोनने भागायचं. सुरुवातीच्या पाच जणांचं १२ हे उत्तर इथून येतं: २४ ÷ २.

याच सूत्राचा एक वेगळा वापर सांगतो. एका गावाहून निघून बाकी सगळ्या गावांना एकेकदा जाऊन परत मूळ ठिकाणी यायचं आहे, आणि कोणत्याही दोन गावांमधलं अंतर जाता-येता सारखंच आहे. असे वेगळे फेरे किती? गावांचं वर्तुळ झालं, सुरुवात कुठूनही केली तरी फेरा तोच, उलट दिशेने गेलं तरी तोच. दहा गावांसाठी ९! ÷ २ = १,८१,४४०. संगणकाला सगळे फेरे तपासून सर्वांत छोटा फेरा शोधायला सांगणं गावं वाढली की का अशक्य होत जातं, ते या एका आकड्यावरून लक्षात येतं.

पायरी ५. अटी: एकत्र, दूर, एकाआड एक

परीक्षेतली बहुतेक गणितं इथली असतात, म्हणून इथे जरा थांबू.

*दोघं शेजारी हवेत.* सात जण, त्यांत अ आणि ब शेजारी. दोघांना मिळून एक वस्तू माना. मग वर्तुळात सहा वस्तू राहिल्या: ५! = १२०. जोडीच्या आत अब की बअ, हे दोन प्रकार. एकूण २४०. इथे ६! घेण्याची चूक फार होते. सातातून एक आधीच कमी केला असं वाटतं. लक्षात ठेवा, जोडी बांधल्यामुळे सातांचे सहा झाले आणि वर्तुळामुळे सहाचे पाच.

*दोघं शेजारी नकोत.* एकूण ६! = ७२० मधून २४० वजा: ४८०. याची थेट पडताळणीही होते. अ ला बसवा. उरलेल्या सहा जागांपैकी दोन त्याच्या शेजारच्या, म्हणून ब ला चार जागा मोकळ्या. बाकी पाच जण ५! प्रकारांनी. ४ × १२० = ४८०. अट असलेल्या माणसालाच आधी बसवायचं, ही सवय लावून घ्या. भलत्याच कुणाला बसवलंत तर पुढे दोन-तीन शक्यतांत गणित फुटतं.

*एका गटातले कोणीही दोघं शेजारी नकोत.* पाच मुलगे आणि तीन मुली, कोणत्याही दोन मुली शेजारी नाहीत. आधी मुलगे गोलात बसवा: ४! = २४. त्यांच्यामध्ये फटी किती? रांगेत पाच जणांभोवती सहा फटी असतात, कारण दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूने उभं राहता येतं. वर्तुळाला टोकं नसतात, म्हणून फटी पाचच. पहिल्या मुलीला पाच फटी, दुसरीला चार, तिसरीला तीन: ६०. एकूण २४ × ६० = १,४४०.

*एकाआड एक.* चार मुलगे, चार मुली. मुलगे ३! = ६ प्रकारांनी. आता मुलींना ३! द्यायचे की ४!? इथे खूप जण ३! × ३! = ३६ लिहून मोकळे होतात. मुलगे बसले की प्रत्येक फटीला ओळख मिळाली: ही या दोघांमधली, ती त्या दोघांमधली. जागांना ओळख आली की वर्तुळाची सूट, म्हणजे फिरवलेल्या मांडण्या एकच मानण्याची मुभा, संपली. म्हणून ४! = २४, आणि उत्तर ६ × २४ = १४४. एका गणितात ही सूट एकदाच मिळते, मग गट कितीही असोत.

*सगळा गट एकत्र.* पुन्हा पाच मुलगे आणि तीन मुली. तीनही मुली सलग हव्यात. त्यांचा एक गट केला की वस्तू सहा, म्हणून ५! × ३! = ७२०. आता वेगळी अट: मुली सगळ्या सलग आणि मुलगेही सगळे सलग. वस्तू दोनच, म्हणून १! × ५! × ३! = ७२०. दोन वेगळ्या अटी आणि उत्तर एकच, हे बघून क्षणभर शंका येते. पण वर्तुळावर मुली सलग बसल्या की उरलेली कमान सलगच असते, त्यामुळे मुलग्यांना वेगळं सांगावंच लागत नाही. रांगेत असं होत नाही. तिथे मुलींच्या दोन्ही बाजूंना मुलगे विभागले जाऊ शकतात. वर्तुळ आणि रांग यांतला फरक मनात रुजवायला माझ्या मते याहून चांगलं उदाहरण नाही.

*समोरासमोर.* आठ जण, अ आणि ब बरोबर समोरासमोर. अ बसला की ब ची जागा ठरलीच. बाकी सहा जण ६! = ७२०.

*जोडपी.* चार जोडपी, प्रत्येक जोडपं शेजारी-शेजारी: चार वस्तू, ३! = ६, प्रत्येक जोडीत दोन प्रकार, म्हणजे ६ × १६ = ९६.

याच्या उलट अट घातली की गणित एकदम कठीण होतं: स्त्री-पुरुष एकाआड एक, आणि कोणतंही जोडपं शेजारी नाही. फ्रेंच गणिती एदुआर लुका यांनी १८९१ मध्ये हा प्रश्न मांडला आणि त्याचं नीटस सूत्र झाक तुशार यांनी १९३४ मध्ये दिलं. खुर्च्यांना क्रमांक असतील तर तीन जोडप्यांसाठी उत्तर १२, चारांसाठी ९६, पाचांसाठी ३,१२०. फिरवलेल्या मांडण्या एकच मानल्या तर अनुक्रमे २, १२ आणि ३१२. फटींची युक्ती इथे पुरत नाही, कारण प्रत्येक स्त्रीला नको असलेल्या फटी वेगवेगळ्या असतात. असं गणित समोर आलं आणि सोप्या गुणाकाराने सुटेना, तर दोष तुमचा नाही. तिथे समावेश-वगळ तत्त्व लागतं, म्हणजे नको असलेल्या मांडण्या वजा करायच्या आणि दोनदा वजा झालेल्या परत मिळवत जायच्या.

पायरी ६. सगळे बसणार नसतील तर

आठांतून पाच जणांना गोल टेबलाभोवती बसवायचं. आधी निवडा, मग बसवा: ५६ × ४! = १,३४४. रांगेतल्या ६,७२० मांडण्यांना ५ ने भागूनही हेच येतं. भागायचं ते बसलेल्यांच्या संख्येने, एकूण आठांनी नव्हे.

उरलेल्या तिघांना दुसऱ्या गोल टेबलावर बसवायचं असेल तर आणखी २! ने गुणा: २,६८८. दोन्ही टेबलांवर चार-चार असतील तर ७० × ६ × ६ = २,५२०; आणि दोन्ही टेबलं हुबेहूब सारखी, कोणतं कुठलं याने फरक पडत नसेल, तर त्याचंही अर्धं: १,२६०. पाच-तीनच्या वाटणीत हा शेवटचा भागाकार करायचा नाही, कारण माणसांच्या संख्येवरूनच टेबलं ओळखता येतात.

पायरी ७. सारखे मणी: इथे भागाकार दगा देतो

तीन तांबडे आणि तीन पांढरे मणी वर्तुळात किती प्रकारे लावता येतील? रांगेत २० प्रकार. सहाने भागा म्हटलं तर निःशेष भाग जात नाही. उत्तर अपूर्णांकात आलं म्हणजे पद्धत चुकली, हे ओळखायला ही चांगली खूण आहे. पण भाग गेला म्हणजे उत्तर बरोबरच आलं, असं मात्र समजू नका.

अडचण कुठे आहे? तांबड्यासाठी त आणि पांढऱ्यासाठी प लिहू. तपतपतप ही मांडणी दोन घरं फिरवली की जशीच्या तशी होते. रांगेत लिहिताना ती सहाऐवजी दोनच रूपांत दिसते. गट सारखे नाहीत, म्हणून एकाच आकड्याने भागता येत नाही. प्रत्यक्षात मांडण्या चार आहेत: तततपपप, ततपतपप, ततपपतप आणि तपतपतप. पहिल्या तिघींची रांगेत सहा-सहा रूपं, शेवटचीची दोन: ६ + ६ + ६ + २ = २०.

आधी एक सोपी चाचणी करा. प्रत्येक रंगाचे मणी किती आहेत ते आकडे घ्या आणि त्यांचा मसावि काढा. मसावि १ असेल तर कोणतीही मांडणी मध्येच स्वतःशी जुळू शकत नाही, आणि साधा भागाकार बिनधोक चालतो. तीन तांबडे, दोन पांढरे: १० ÷ ५ = २. एखादा मणी एकुलता एक असेल तर मसावि १ असणारच. त्याला जागेवर बसवा आणि पुढे जा.

मसावि १ पेक्षा मोठा असेल तर सरासरीची पद्धत वापरा. सहा मण्यांचं वर्तुळ फिरवायचे सहा प्रकार: ० घरं, १, २, ३, ४, ५. प्रत्येकासाठी एकच प्रश्न विचारा: या फिरवण्याने २० पैकी किती मांडण्या जशाच्या तशा राहतात?

- ० घरं: सगळ्या, म्हणजे २०.
- १ किंवा ५ घरं: सगळे मणी एकाच रंगाचे असावे लागतील. प्रत्येकी ०.
- २ किंवा ४ घरं: एकाआड एक येणारे तीन मणी एका रंगाचे हवेत. तपतपतप आणि पतपतपत, प्रत्येकी २.
- ३ घरं: समोरासमोरचे मणी एका रंगाचे हवेत, म्हणजे तांबडे मणी सम संख्येत हवेत. ते तीन आहेत. ०.

बेरीज २० + ० + ० + २ + २ + ० = २४. सहाने भागा: ४. या पद्धतीला बर्नसाइडचं प्रमेय म्हणतात. विल्यम बर्नसाइड यांनी ते १८९७ च्या आपल्या ग्रंथात दिलं, पण स्वतःच त्याचं श्रेय फ्रोबेनियस यांना दिलं होतं, आणि कोशी यांना तर त्याच्याही आधी, १८४५ मध्ये, ही कल्पना ठाऊक होती.

माळ उलटवताही येत असेल तर सहा उलटवण्यांसाठीही हाच प्रश्न विचारायचा आणि बारांनी भागायचं. दोन समोरासमोरच्या मण्यांतून जाणाऱ्या तीन अक्षांभोवती उलटवलं तर प्रत्येकी ४ मांडण्या तशाच राहतात; मण्यांच्या मधून जाणाऱ्या तीन अक्षांसाठी ०. (२४ + १२) ÷ १२ = ३. ततपतपप आणि ततपपतप या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत, त्या एक झाल्या. चारच्या निम्म्या दोन होत नाहीत, कारण बाकी दोघी स्वतःच्याच प्रतिमा आहेत. म्हणून सारख्या मण्यांत ‘माळ आहे ना, मग दोनने भागा’ हा नियम कधीही लावू नका.

आता या पद्धतीचा एक फार देखणा उपयोग. वृत्तांचे गण लक्षात ठेवायला ‘यमाताराजभानसलगा’ पाठ केलेलं आठवत असेल. त्यातली शेवटची दोन अक्षरं, ल आणि गा, लघु-गुरूच्या दृष्टीने पहिल्या दोन अक्षरांसारखीच आहेत. ती सोडा आणि उरलेल्या आठांचं वर्तुळ करा: लघु, गुरू, गुरू, गुरू, लघु, गुरू, लघु, लघु. या वर्तुळावर सलग तीन-तीन अक्षरं वाचत गेलं की य पासून स पर्यंतचे आठही गण नेमके एकेकदा मिळतात.

चार लघु आणि चार गुरू वर्तुळात किती प्रकारे लावता येतील? चार आणि चारचा मसावि ४, तेव्हा साधा भागाकार नको. ० घरं फिरवल्यास ७०, ४ घरं फिरवल्यास ६, २ आणि ६ घरं फिरवल्यास प्रत्येकी २, विषम घरं फिरवल्यास शून्य. बेरीज ८०, भागिले ८: दहा. या दहांपैकी आठही गण सामावणारी वर्तुळं फक्त दोन आहेत: एक हे, आणि दुसरं हेच उलट दिशेने वाचलेलं. कागदावर दहाही वर्तुळं काढून तपासा. तासाभराचं काम आहे आणि सरासरीची पद्धत त्यात हाताला बसते.

पायरी ८. उत्तर लिहिण्याआधी

तेच गणित तीन किंवा चार वस्तूंसाठी करा आणि सगळ्या मांडण्या प्रत्यक्ष लिहा. चार वस्तूंच्या जास्तीत जास्त सहा मांडण्या असतात, दोन मिनिटांत होतं. सूत्राचं उत्तर आणि यादी जुळली नाही तर यादीवर विश्वास ठेवा.

अटीचं उत्तर अट नसलेल्या एकूण संख्येपेक्षा मोठं आलं असेल तर कुठेतरी वर्तुळाची सूट घ्यायची राहून गेली आहे. वेळ असेल तर गणित दुसऱ्या मार्गाने एकदा करा: भागाकाराने केलं असेल तर एकाला बसवून, वजाबाकीने केलं असेल तर थेट.

सरावासाठी

१. सहा वेगवेगळ्या रंगांच्या मण्यांची, उलटवता येणारी माळ. (६०)

२. नऊ जण गोल टेबलाभोवती, त्यांतले ठरावीक तिघं सलग. (४,३२०)

३. चार तांबडे आणि दोन पांढरे मणी वर्तुळात, फक्त फिरवता येतं. (३, पांढऱ्या मण्यांमधलं अंतर १, २ की ३ घरं, एवढं बघितलं तरी पुरे)

४. सहा मणी, प्रत्येक तांबडा किंवा पांढरा, कोणत्याही रंगाचे कितीही. फक्त फिरवता येत असेल तर १४, उलटवताही येत असेल तर १३. त्या चौदांपैकी कोणत्या दोन मांडण्या उलटवल्यावर एक होतात, ते वर पायरी ७ मध्ये येऊन गेलं आहे.

५. चौरस टेबल, प्रत्येक बाजूला दोन खुर्च्या, आठ जण, आणि अ व ब एकाच बाजूला. (१,४४०, अ ला दोन जागा, मग ब ची जागा ठरलीच, उरलेले सहा जण ६! प्रकारांनी)